तागाजो, दुपारी २.४६

११ मार्च २०११ च्या भूकंपाने आणि त्सुनामीने जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरची सुमारे १५,९०० माणसं नेली. अडीच हजारांवर माणसांचा आजही पत्ता नाही. हे सगळ्यांत आधी लिहून ठेवतो, कारण पुढची हकिगत एका व्हिडिओ टेपची आहे आणि माणसांच्या मरणाशेजारी टेपचं नुकसान मांडायचं नाही. पण त्याच दुपारी, त्याच लाटेत, जगभरच्या चित्रपट-मालिकांच्या धंद्याचा एक मोठा आधार निखळला. लाट अचानक आली. तिने जे दुबळेपण उघडं पाडलं, ते मात्र या धंद्याने सोयीचं म्हणून कित्येक वर्षं सांभाळलं होतं. म्हणून ही गोष्ट तासातासाने सांगायला हवी.

वेळा जपानच्या घड्याळाप्रमाणे आहेत.

५१ तास आधी. बुधवार, ९ मार्च, सकाळी ११.४५

सानरिकूच्या किनाऱ्यापलीकडे समुद्रात ७.३ तीव्रतेचा भूकंप होतो. किनाऱ्यावर अर्ध्या मीटरच्या आसपास लाट येते आणि ओसरते. मोठं काही पडत नाही. या भागातल्या लोकांना भूकंपाची सवय आहे. दुपारपर्यंत व्यवहार सुरळीत होतात. हा मुख्य भूकंप नव्हता, येणाऱ्याची वर्दी होती, हे शुक्रवारी कळलं.

सेंदाई शहराला लागून, बंदराच्या मागे तागाजो नावाचं छोटं शहर आहे. इ.स. ७२४ मध्ये इथे तटबंदीचं ठाणं उभं राहिलं आणि पुढे उत्तरेकडचा कारभार इथूनच चालला. इ.स. ९०१ मध्ये पूर्ण झालेल्या राजदरबारी बखरीत ८६९ सालच्या भूकंपाची नोंद आहे: समुद्र गर्जत आत शिरला, ठाण्याच्या तटापर्यंत आला आणि हजारभर माणसं बुडाली. तोहोकू विद्यापीठातले भूवैज्ञानिक कोजी मिनोउरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंदाईच्या शेतांखाली त्या लाटेने टाकलेला वाळूचा थर शोधून काढला. अशा लाटा साधारण ८०० ते ११०० वर्षांच्या अंतराने येतात, असं त्यांनी २००१ मध्ये छापलं. तोवर ८६९ ला अकराशेहून जास्त वर्षं उलटली होती. इशारा कागदावर होता आणि कोणालाही वाचता येत होता.

त्याच तागाजोत सोनीचा टेपचा कारखाना होता.

२४ तास आधी. गुरुवार, १० मार्च, दुपारी २.४६

ज्या कॅसेटबद्दल बोलायचं ती हातात घेऊन बघू. नाव एचडीकॅम एसआर. मोठी कॅसेट दहा इंच लांब, आत अर्धा इंच रुंदीची टेप, १२४ मिनिटांची. दर सेकंदाला ४४० मेगाबिट चित्र तिच्यावर उतरतं. म्हणजे तासाला सुमारे २०० गिगाबाइट आणि पूर्ण कॅसेटमध्ये ४०० च्या वर. सोबत आवाजाचे बारा ट्रॅक. त्यातल्या सहांवर थिएटरसारखा सभोवार आवाज, दोनांवर स्टिरिओ, आणखी दोनांवर ‘एम अँड ई’, म्हणजे संवाद वगळून उरलेलं संगीत आणि पावलं, दारं, पाऊस असे आवाज. परभाषेत डबिंग करणाऱ्यांचा सगळा जीव या शेवटच्या दोन ट्रॅकवर असतो.

कॅसेटच्या कण्यावर लेबल असतं: नाव, भाग क्रमांक, आवृत्ती, फ्रेम रेट, एकूण लांबी, कोणत्या ट्रॅकवर काय. डेकमध्ये घातली की आधी रंगपट्ट्या आणि एक किलोहर्ट्झचा सूर, मग पाटी, मग काळा पडदा. अमेरिकेच्या पद्धतीत कार्यक्रमाची पहिली फ्रेम बरोबर ०१:००:००:०० या टाइमकोडवर येते. एक फ्रेम अलीकडे नाही, एक पलीकडे नाही. तपासनीस सगळा कार्यक्रम खऱ्या वेळेत पाहतो आणि खोट सापडली की टाइमकोडसकट तक्त्यात लिहितो. कागद सहीनिशी कॅसेटबरोबर जातो.

या सगळ्याचा अर्थ इतकाच की लॉस एंजेलिसमध्ये भरलेली कॅसेट लंडन, मुंबई, साओ पाउलो, कुठेही त्याच जातीच्या डेकमध्ये घातली की चालायची. कोणी कोणाला फोन करून ‘ही उघडत नाही’ म्हणत नव्हतं. २००३ मध्ये आलेली ही टेप २०११ पर्यंत अमेरिकी टीव्हीची आणि बऱ्याच चित्रपटांच्या व्हिडिओ मास्टरची चलनी नोट होऊन बसली होती. वाहिन्यांच्या करारात तिचं नाव छापलेलं असे.

आणि ती टेप तागाजोत बनायची. जगाची गरज भागवेल असा दुसरा कारखाना नव्हता.

१४ तास आधी. शुक्रवार, ११ मार्च, रात्री १२.४६

लॉस एंजेलिसमध्ये अजून गुरुवार आहे, सकाळचे ७.४६. बरबँक, हॉलिवूड, सांता मोनिकातल्या पोस्ट-प्रॉडक्शन कंपन्यांमध्ये दिवस सुरू होतोय. मार्च हा तिथल्या टीव्हीचा सगळ्यांत धावपळीचा महिना. सप्टेंबरात सुरू झालेल्या मालिकांचे शेवटचे भाग मे महिन्यात जायचे असतात, त्यांची जुळणी चालू असते. शिवाय पुढच्या हंगामाच्या मालिकांचे पायलट याच दिवसांत तयार होतात. प्रत्येक भागाची मास्टर, तिची राखीव प्रत, परदेशासाठी वेगळी प्रत. टेपवर टेप.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तोवर काम फाइलवरच होत होतं. कॅमेरे कार्डावर चित्रण करू लागले होते, संकलन संगणकावर होऊन तर बराच काळ लोटला होता, रंगकामही संगणकावरच. कंपनीच्या आत सगळा मामला फाइलचा. पण काम एका कंपनीच्या दारातून दुसऱ्या कंपनीच्या दारात जायची वेळ आली की फाइल पुन्हा टेपवर उतरायची आणि पलीकडे गेल्यावर टेपची पुन्हा फाइल व्हायची. घरात फाइल, उंबऱ्याबाहेर टेप.

असं का? कारण फाइल म्हणावी तर कोणती? एकाकडे ॲपलची प्रोरेस, दुसऱ्याकडे ॲव्हिडची डीएनएक्सएचडी, तिसऱ्याकडे एक्सडीकॅम, चौथ्याकडे एव्हीसी-इंट्रा. वरचं वेष्टन कोणाचं एमओव्ही, कोणाचं एमएक्सएफ. आणि एका कंपनीची एमएक्सएफ दुसरीच्या यंत्रात उघडेलच याची खात्री नाही. कोणी सेकंदाला २३.९७६ फ्रेम धरतो, कोणी २५, कोणी २९.९७. २४ फ्रेमचा चित्रपट २५ ने चालवला की तो चार टक्के आधी संपतो आणि नायिकेचा आवाज बारीक होतो. काळ्या-पांढऱ्याच्या मर्यादा एका यंत्राने १६ ते २३५ धरल्या आणि दुसऱ्याने ० ते २५५, की रात्रीच्या दृश्यातला काळोख राखाडी पडतो. छायाचित्रकाराने आठवडाभर बसून केलेलं काम एका चुकीच्या खुणेने धुऊन जातं. आपल्याकडे जुन्या मिरज जंक्शनवर एका गेजच्या वाघिणीतला माल उतरवून दुसऱ्या गेजच्या वाघिणीत भरावा लागे, आणि प्रत्येक चढउतारीत काहीतरी फुटे. फाइलींचं तेच चालू होतं. त्या कटकटीपेक्षा टेप बरी, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

मला हा निर्णय समजतो. ज्याच्या डोक्यावर उद्याच्या प्रक्षेपणाची वेळ आहे, तो चालतं त्याला हात लावत नाही. पण त्या सोयीपोटी एक प्रश्न मागे पडला: ही टेप जर मानक असेल, तर ते मानक आहे कोणाचं?

६ तास आधी. सकाळी ८.४६

तागाजोत शुक्रवारची सकाळ. कारखान्यात हजारावर माणसं कामावर.

सोनीचं नाव सोनी होण्याआधी ती टोकियो त्सुशिन कोग्यो होती. इबुका मासारू आणि मोरिता अकिओ यांनी १९४६ मध्ये काढलेली लहानशी कंपनी. टेपरेकॉर्डर करायचा तर टेप हवी, आणि युद्धानंतरच्या जपानमध्ये ती मिळत नव्हती. तेव्हा नोबुतोशी किहारा या तरुण अभियंत्याने लोखंडाचं संयुग तव्यावर भाजलं, त्याची पूड केली आणि ब्रशने कागदाच्या पट्टीवर लावली. १९५० मध्ये जपानचा पहिला टेपरेकॉर्डर बाजारात आला. चार वर्षांनी तागाजोत कारखाना उभा राहिला. चुंबकीय पदार्थांवर नावाजलेलं काम करणारं तोहोकू विद्यापीठ जवळच होतं.

२०११ मध्ये तिथे बनणारी टेप म्हणजे अतिशय पातळ पॉलिएस्टरवर धातूच्या सूक्ष्म कणांचा लेप. लेप वाळवायचा, रुळांमधून दाबून आरशासारखा करायचा, मग रुंद थानाच्या अर्ध्या इंचाच्या पट्ट्या कापायच्या आणि कॅसेटमध्ये गुंडाळायच्या. धुळीचा एक कण लेपात अडकला की पडद्यावर त्या जागी चित्र तुटतं. म्हणून ही खोली रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहाहून स्वच्छ ठेवावी लागते. असला कारखाना कोणी हौसेने दुसरीकडे काढत नाही. यंत्रं विकत मिळतील. लेपाची रेसिपी आणि तो जमवणारे हात मिळत नाहीत.

हा कारखाना समुद्राजवळच्या सखल जमिनीवर होता.

२ तास आधी. दुपारी १२.४६

लॉस एंजेलिसमध्ये गुरुवारची संध्याकाळ, ७.४६. तिथल्याच सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एंटरटेनमेंट टेक्नॉलॉजी सेंटरमध्ये २००७ पासून एका दस्तऐवजावर काम चालू होतं. स्टुडिओंचे तंत्रज्ञ तिथे बसून ठरवत होते की सगळ्या धंद्याला चालेल अशी मास्टर फाइल कशी असावी. नाव इंटरऑपरेबल मास्टर फॉरमॅट, म्हणजे आयएमएफ.

त्याला पूर्वतयारी होती. २००२ मध्ये हॉलिवूडच्या सात मोठ्या स्टुडिओंनी एकत्र येऊन डीसीआय ही संस्था काढली आणि जुलै २००५ मध्ये चित्रपटगृहातल्या डिजिटल प्रतीचा तपशील प्रसिद्ध केला: जेपीईजी २००० हे संकुचन, सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबिट, २के किंवा ४के. त्यामुळे कोणत्याही देशातल्या डीसीआय प्रोजेक्टरवर कोणत्याही स्टुडिओची प्रत चालू लागली. थिएटरचा प्रश्न सुटला. थिएटरच्या अलीकडचा, कंपनी ते कंपनीचा प्रश्न तसाच राहिला.

आयएमएफची कल्पना सोपी आहे आणि मला ती फार सुंदर वाटते. एका चित्रपटाच्या शंभर आवृत्त्या असतात. विमानातली, टीव्हीची, सेन्सॉरने कापलेली, स्पॅनिश पाट्यांची, हिंदी डबिंगची. जुन्या पद्धतीत प्रत्येकीची स्वतंत्र पूर्ण मास्टर. दोन तासांच्या चित्रपटात बदल फक्त नावांच्या पाटीपुरता, पण टेप अख्खी नवी. आयएमएफमध्ये चित्र एकदाच ठेवायचं, आवाज आणि उपशीर्षकं वेगळ्या फाइलींत, आणि प्रत्येक आवृत्तीसाठी एक छोटी लेखी यादी: या फाइलीची या फ्रेमपासून या फ्रेमपर्यंत, मग इथे स्पॅनिश पाटी, मग पुन्हा मूळ. नवी आवृत्ती म्हणजे नवी यादी आणि तेवढाच नवा तुकडा. सगळ्यांत महत्त्वाचं, हे सगळं एसएमपीटीई या १९१६ पासून सिनेमाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या खुल्या दस्तऐवजात यायचं होतं. वाचा, आणि कोणीही यंत्र बनवा.

काम चांगलं होतं, माणसं चांगली होती. घाई नव्हती. टेप होती ना.

दुपारी २.४६

समुद्राच्या तळाखाली जमीन सरकते. तीव्रता ९.०, जपानने मोजलेला आजवरचा सर्वांत मोठा भूकंप. एनएचके वाहिनीवर संसदेच्या समितीचं कामकाज थेट चालू आहे. पडद्यावर इशाऱ्याची घंटी वाजते, नकाशा उमटतो, आणि काही सेकंदांत सभागृहातली झुंबरं हलू लागतात. हादरे मिनिटामागून मिनिट चालूच राहतात.

मुंबईत सकाळचे ११.१६ आहेत. शुक्रवार, नव्या चित्रपटांचा दिवस. लॉस एंजेलिसमध्ये गुरुवार रात्रीचे ९.४६.

२.४९

तीन मिनिटांत जपानच्या हवामान खात्याचा त्सुनामीचा मोठा इशारा निघतो. लगेच आकडे येतात: मियागी किनाऱ्यावर सहा मीटर, इवाते आणि फुकुशिमात तीन. पहिल्या मिनिटांच्या मोजणीत भूकंपाची तीव्रता ७.९ धरली गेली होती, म्हणून लाटेचा अंदाजही लहान निघाला. समुद्राकाठी भिंती होत्या, आणि तीन मीटर ऐकून काही माणसं तिथेच थांबली. या घटनाक्रमातली सगळ्यांत जड नोंद हीच आहे.

३.१४

अंदाज बदलतो: मियागीत दहा मीटरहून जास्त. वीज गेलेली, मोबाइल बंद. नवा आकडा अनेकांपर्यंत पोचत नाही.

३.५० नंतर

लाट सेंदाईच्या बंदरावर चढते. तिथे पाण्याची उंची सात मीटरच्या आसपास जाते. एनएचकेचं हेलिकॉप्टर नातोरी नदीच्या मुखावर आहे आणि तिथून थेट दिसणारं दृश्य जगभर जातं: शेतांवरून सरकणारी काळी कड, तिच्यापुढे पळणाऱ्या मोटारी, हरितगृहं, घरं. थेट प्रक्षेपणात एवढी मोठी त्सुनामी जगाने त्याआधी पाहिली नव्हती.

तागाजोत पाणी दोन वाटांनी येतं, बंदराकडून जमिनीवरून आणि नदीच्या पात्रातून. इमारतींच्या गल्ल्यांमध्ये ते तुंबतं, वेग घेतं, महामार्गावर अडकलेल्या मोटारी उचलतं. शहराचा जवळपास एकतृतीयांश भाग पाण्याखाली जातो. सोनीच्या कारखान्यातली हजारभर माणसं वरच्या मजल्यावर गेली होती. तळमजल्यावर समुद्र शिरतो: खारं पाणी, चिखल, तेल. जिथे धुळीचा कण चालत नव्हता, तिथे.

रात्र

बर्फ पडतंय. वीज नाही. बंदराजवळचा तेलशुद्धीकरण कारखाना पेटलाय, त्याचाच काय तो उजेड. कारखान्यातली माणसं वरच्या मजल्यावर रात्र काढतात.

दहा तासांनी. शनिवार, १२ मार्च, रात्री १ च्या सुमारास

लॉस एंजेलिसमध्ये शुक्रवारची सकाळ उजाडलीय. फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या बातम्या येताहेत. सोनीने आपले अनेक कारखाने थांबल्याचं जाहीर केलंय, त्यात तागाजो. पोस्ट-प्रॉडक्शन कंपन्यांमधली जाणती माणसं स्टोअररूममध्ये जाऊन कपाटं मोजू लागतात. आपल्याकडे किती? विक्रेत्याकडे किती? मालिकेचे किती भाग बाकी?

पुढचे आठवडे

मोजणीतून जे निघालं ते सगळ्यांचं सारखंच होतं: काही आठवड्यांपुरती टेप. विक्रेते नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही हात राखून माल देऊ लागले. भाव चढले. ज्यांना परवडलं त्यांनी साठा केला, त्यामुळे ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्या वाट्याला आणखी कमी आली. वापरलेल्या टेप पुसून, तपासून पुन्हा विकणाऱ्या लहान कंपन्यांची अचानक चलती झाली. स्टुडिओंनी जुन्या कामाच्या टेप कपाटातून काढून त्यांवर नवं काम चढवलं. पुसल्या गेलेल्या टेपवर काय होतं, याचा विचार करताना मला आजही बरं वाटत नाही.

आणि मग, कित्येक वर्षं ‘नियमात बसत नाही’ म्हणून अडलेलं काही आठवड्यांत होऊ लागलं. वाहिन्यांनी फाइल स्वीकारायला सुरुवात केली. राखीव प्रत टेपवरच हवी ही अट सैल झाली. सोनीनेही एसआरचं तेच संकुचन टेपऐवजी मेमरी कार्डावर आणि फाइलमध्ये पुढे आणलं. तंत्र तर सगळं आधीपासून होतं. अडत होतं ते सगळ्यांनी एका वेळी एकच गोष्ट मान्य करण्यावर, आणि ती मान्य करायला टेप नाहीशी व्हावी लागली.

कारखाना पुढे टप्प्याटप्प्याने सुरू झाला. त्यातल्या काही इमारती सोनीने मियागीच्या पुनर्उभारणीसाठी इतर उद्योगांना आणि संशोधकांना दिल्या. टेप पुन्हा बाजारात आली, पण एकदा फाइलवर गेलेलं गिऱ्हाईक बहुतेक परतलं नाही.

नंतरची वर्षं

आयएमएफचे मुख्य दस्तऐवज एसएमपीटीईने पुढच्या दोनेक वर्षांत प्रसिद्ध केले. आज ते ‘एसटी २०६७’ या क्रमांकाखाली आहेत. ब्रिटनमध्ये बीबीसी, आयटीव्ही आणि चॅनल फोर यांनी मिळून एकच फाइल ठरवली आणि १ ऑक्टोबर २०१४ ही तारीख पाळून टेपऐवजी फाइल घ्यायला सुरुवात केली. नेटफ्लिक्स स्वतःच्या निर्मितीसाठी आयएमएफच मागते. अंधेरीतल्या स्टुडिओत तयार होणारं काम आज त्याच याद्या, त्याच फाइली बनवून जगात जातं.

आपल्या चित्रपटगृहांची वाट वेगळी होती. २००५ पासून यूएफओ या कंपनीने उपग्रहावरून आणि चेन्नईच्या क्यूबने आपापल्या पद्धतीने डिजिटल प्रती थिएटरांत पोचवल्या. त्याने मराठी चित्रपटाचं भलं झालं, हे कबूल करायला हवं. फिल्मच्या प्रिंटचा खर्च न पेलणारा निर्माता एकाच शुक्रवारी गावोगाव पोचला. पण या प्रणाली आपापल्या बंद चौकटीतल्या होत्या. एकीसाठी तयार केलेली प्रत दुसरीत चालत नव्हती, आणि थिएटरातून उतरल्यावर निर्मात्याच्या हातात जतन करण्याजोगी मास्टर राहतेच असंही नव्हतं. वितरणाची प्रत आणि मास्टर या दोन गोष्टी आहेत; आपल्याकडे त्या फार वेळा एक समजल्या गेल्या.

तागाजोने दाखवलं ते माझ्या मते असं. एकाच कंपनीच्या एकाच कारखान्यात बनणारी वस्तू सगळे वापरतात म्हणून तिला मानक म्हणायची पद्धत या धंद्यात होती आणि आहे. ती वस्तू मानक नसते, ती मक्तेदारी असते, मग कंपनी कितीही सचोटीची असो. सोनीची टेप उत्तम होती. तिच्या उत्तमपणाचा आणि पाण्याच्या पातळीचा काही संबंध नव्हता. मानक म्हणजे असा दस्तऐवज, ज्यावरून कारखाना बुडाला तरी दुसरा कोणी यंत्र बनवू शकेल.

धोका संपलेला नाही. आज जगभरचे स्टुडिओ आणि संग्रहालयं आपल्या फाइली दीर्घकाळासाठी एलटीओ या डेटा-टेपवर ठेवतात. एलटीओचा तपशील एका गटाने ठरवलेला आहे, पण कोऱ्या टेप बनवणाऱ्या कंपन्या उरल्या दोन: फुजीफिल्म आणि सोनी. दोघी जपानी, आणि सोनीची टेप पुन्हा तागाजोतच बनते. या दोघींत पेटंटचा दावा चालला तेव्हा २०१९ मध्ये एलटीओ-८ च्या टेपा बाजारातून जवळजवळ गायब झाल्या होत्या. ऑगस्टमध्ये तडजोड झाली तेव्हा पुरवठा सुरू झाला. त्या वेळी तर भूकंपही झाला नव्हता. टेपा मिळेनाशा होऊनही संग्रह बुडाले नाहीत, कारण त्यांतल्या फाइली खुल्या मानकातल्या असतील तर डिस्कवर, दुसऱ्या पिढीच्या टेपवर, कुठेही नेता येतात. एसआर टेपवर अडकलेल्या कामाला ती मुभा नव्हती.

मराठी निर्माते, वाहिन्या, नाट्यसंस्था, माहितीपट करणारे आणि ज्यांच्या घरी वडिलांच्या कामाच्या कॅसेट पेटीत पडून आहेत त्या सगळ्यांना एक विनंती आहे. डिजिटल बीटाकॅम, एचडीकॅम, एचडीकॅम एसआर, जी असेल ती टेप बाहेर काढा. चालू डेक आणि तो चालवणारा माणूस मुंबईत अजून सापडतो, तोवर ती उतरवून घ्या. यूट्यूबवर चढवलेल्या प्रतीवर समाधान मानू नका. मूळ फ्रेम रेटची, सगळे आवाजाचे ट्रॅक वेगळे असलेली, खुल्या मानकातली फाइल मागा आणि एम अँड ईचे ट्रॅक आलेत का, हे ऐकून पाहा. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या शहरांत ठेवा. ८ जानेवारी २००३ ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली, तेव्हा नायट्रेट फिल्मवरचा जुना ठेवा, त्यात प्रभातचे चित्रपटही, एका दिवसात गेला.

हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. अर्ध्या इंचाच्या टेपचे डेक विकणं सोनीने मार्च २०१६ मध्ये बंद केलं, आणि त्यांची दुरुस्ती मार्च २०२३ मध्ये.